वीस दिवसांची दया

३० नोव्हेंबर, रविवार
अमरावती

आज 'ओलित'ची नवी आवृत्ती सोडली. तिसरी. सकाळी चहाच्या आधी सोडली आणि मग चहा प्यालो, त्यामुळे चहा गोड लागला. दुर्गाचं म्हणणं, साखर नेहमीएवढीच होती.

आपल्यानंतर ही वही कोणाच्या हाती पडली तर त्याला कळावं म्हणून लिहून ठेवतो. मी रामराव, वय बासष्ट. मीटर तपासण्यात सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर लोक देवळात बसतात, मी कोठीघरात संगणक मांडून बसलो. तीन जुने संगणक आहेत. त्यातला एक जावयाने भंगारात काढलेला, तो आता सर्वांत चांगला चालतो. प्रोग्राम लिहायचे आणि इंटरनेटवर फुकट ठेवायचे, ज्याला हवा त्याने घ्यावा, हवा तसा बदलावा, एवढाच नाद. एक देवनागरी घड्याळ केलं. एक अमरावतीहून सुटणाऱ्या एसटीचं वेळापत्रक केलं, पण एसटी ते वाचत नाही. आणि तिसरं 'ओलित'. मातीत एक काटा खुपसायचा, तो ओल मोजतो. छोटी सर्किटची पाटी ते मोजमाप बघून ठिबकचा व्हॉल्व्ह उघडते, बंद करते. सगळं मिळून एका पांढऱ्या जेवणाच्या डब्यात मावतं. डबा पांढराच घ्या, उन्हात तापत नाही, असं मी 'ओलित'च्या इंटरनेटवरच्या पानावर लिहूनच ठेवलंय.

नव्या आवृत्तीत एक मोठी सोय आहे. तिवशाच्या एका टमाटेवाल्याने लिहिलं होतं की उंदराने काट्याची तार कुरतडली, पाटी गोंधळली आणि रोपं वाळली. म्हणून मी आता असं केलं: ओल लाल रेषेच्या, म्हणजे कोरडेपणाच्या खुणेच्या, खाली सलग वीस दिवस राहिली, तर तार तुटली असं समजायचं आणि विसाव्या दिवशी सकाळी सहाला व्हॉल्व्ह उघडायचा. कोणतंही पीक वीस दिवस कोरडं राहील कसं? या ओळींना मी नाव दिलं 'दया'. सर्वांनी ही आवृत्ती बसवून घ्यावी असं पानावर ठळक अक्षरांत लिहिलं.

११ डिसेंबर, गुरुवार

'बांधावरचा' पुन्हा आला.

हा माझा सर्वांत जुना वापरणारा. दीड वर्षापासून पानावर तक्रारी टाकतो. नाव-गाव काही सांगत नाही, मीही विचारत नाही. बहुतेक फोनवर बोलून लिहितो, कारण मजकुराला ना विराम ना काही. त्याची पहिली तक्रार तक्रार नव्हतीच. 'हे चालते' एवढंच लिहिलं होतं. ते मी छापून कोठीघराच्या भिंतीला चिकटवलंय.

आज लिहितो: 'नवी बसोली तुमी सांगतलं म्हनून जुनी बी वाईट नोती काल आमच्या विहिरीवरची बाभूय पडली वाऱ्यानं पन डब्बा वाचला पाच तारखेपासून झाडाईचं पानी तोडलं आता'

दुपारच्या चहाला मी हे त्याच्या थाटात दुर्गाला वाचून दाखवलं. मला नक्कल बरी जमते. ती आधी हसली, मग तिचा चहा निवला तरी कप हातातच.

"बाभूय पडली म्हनते का?" तिने विचारलं.

"हो. तुला काय करायचं बाभळीचं?"

"काई नाही," म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. तांत्रिक गोष्टीत तिला कधीच रस नव्हता.

२४ डिसेंबर, बुधवार

थंडी. बोटं चालत नाहीत.

'बांधावरचा' लिहितो: 'आज काटा लाल रेषेच्या खाली गेला बरं वाटलं'. बरं का वाटलं, कळलं नाही. काटा नीट चालतोय म्हणून असेल. मी त्याला अंगठा पाठवला.

२८ डिसेंबर, रविवार

जेवताना दुर्गाने लेकीच्या फोनाचं सुरू केलं, "पौर्णिमाचा फोन होता. पंजाब भाऊजी अकोल्याले—"

मी म्हटलं, त्या घराचं नाव या ताटावर नको. चार वर्षं झाली, हा नियम तिला पाठ आहे, तरी ती मधून मधून करून बघते.

पंजाब माझा धाकटा भाऊ. चांदूर बाजारकडे आमचं गाव, वडिलांचा संत्र्याचा बगीचा तोच पाहतो. वडिलांच्या तेरवीला, चार माणसांत, मी या डब्याची कल्पना सांगत होतो. अजून काही तयार नव्हतं, नुसती कल्पना. पंजाब पंगतीत वाढत होता. बुंदीचं भांडं हातात धरून म्हणाला, "दादा, तुह्या डब्ब्यानं आजपावतो एक झाड तरी जगोलं का?" सगळी पंगत हसली. मामा तर ठसका लागेपर्यंत हसले. मी उठलो तो पुन्हा गेलो नाही. त्यानेही फोन केला नाही. तोंडाचा फटकळ तो, आणि टीव्हीचा रिमोटसुद्धा ज्याला दुसऱ्याने लावून द्यावा लागतो त्याने मला शिकवावं?

खरं लिहायचं तर 'ओलित' त्या हसण्यामुळेच पुरं झालं. पण हे मी मोठ्याने म्हणणार नाही.

संध्याकाळी 'बांधावरचा'चा निरोप: 'आता काही रोज फोन हाती घेता येनार नाही मना आहे डब्बा आपला पाहीन'. डब्बा पाहील, म्हणजे डब्यावर सोडून चाललाय. वाचून छाती फुगली.

७ जानेवारी, बुधवार

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

सकाळी अकराला एक तरुण माणूस दारात. नितेश नाव, शिरजगावकडचा, संत्र्याची दोनशे झाडं. पत्ता पानावरून शोधला म्हणाला. हातात एक फांदी होती. ती त्याने माझ्या संगणकाच्या कळफलकावर ठेवली.

"हे काय आहे, काका?"

मी म्हटलं, संत्र्याची फांदी. छान कोवळी पालवी आहे.

"पालवीच हाये!" तो म्हणाला. "बारा तारखेले माही जमीन लाल रेषेखाली गेली. हलकी जमीन. ताणावर होती झाडं. झाडं अशी सुकून राहिली होती का पाहून जीव भरून याचा. अन मंग तुमच्या डब्ब्यानं पानी सोडलं! एक तारखेले, सकाई सहाले! मी होतो सासरी वरुडले. आलो तं बगीचा हिरवा गच्च. आता फूल कुठून येईन? पाला येईन नुसता, पाला! आंब्या बहार गेला माहा!"

ताण.

मी, संत्र्याच्या घरात जन्मलेला माणूस, ताण विसरलो. डिसेंबरात झाडांचं पाणी तोडतात. महिना, सव्वा महिना, भारी जमिनीत त्याहून जास्त. पानं पिवळी पडतात, मलूल होतात, गळतात. बघवत नाही. पण त्या तहानेतूनच झाडाला फूल येतं, त्यालाच आंब्या बहार म्हणतात. मधेच घोटभर पाणी मिळालं तर झाडाला वाटतं सुटलो, आणि ते पानं काढत बसतं. आमच्याकडे हे पोराटोरांना ठाऊक असतं. आणि मी लिहून ठेवलं, कोणतंही पीक वीस दिवस कोरडं राहील कसं.

मी काय बोललो ते लिहितो, कारण इथे तरी खोटं लिहू नये. मी म्हटलं, "प्रोग्रामसोबत परवाना असतो. त्यात लिहिलंय, कशाचीही हमी नाही."

नितेशने ती फांदी बोटाने माझ्याकडे सरकवली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दुर्गाने पाणी आणून दिलं, ते त्याने घेतलं नाही, आणि गेला. फांदी इथेच आहे.

८ जानेवारी, गुरुवार

काल संध्याकाळी चूक दुरुस्त केली. अकरा ओळी पुसल्या. पुसायला दोन मिनिटं लागली.

पण त्याने काय होतं? शेतातले डबे इंटरनेटला जोडलेले नाहीत. मीच तसं केलं. मला कोणाच्या शेतात हात घालायचा नव्हता, कोण वापरतो याची नोंद ठेवायची नव्हती. किती मिरवलं मी त्याचं! माझा प्रोग्राम कोणावर पाळत ठेवत नाही, म्हणून सांगत फिरलो. नवी आवृत्ती एक्केचाळीस वेळा उतरवली गेली, एवढा एकच आकडा माझ्याकडे आहे. एक्केचाळीस कोण, कुठे, टमाटेवाले किती आणि संत्रेवाले किती, मला काही माहीत नाही.

आणि मग 'बांधावरचा' आठवला. त्याचे निरोप पुन्हा वाचले. 'पाच तारखेपासून झाडाईचं पानी तोडलं.' 'काटा लाल रेषेच्या खाली गेला बरं वाटलं.' बरं वाटणारच! ताण बसला म्हणून. त्याने सगळं सांगितलं होतं, मी त्याला अंगठा पाठवला.

चोवीस डिसेंबर अधिक वीस दिवस. तेरा जानेवारी, मंगळवार, सकाळी सहा. पाच दिवस आहेत, आणि तो फोन बघत नाही.

आज पानावर त्याला सहा निरोप टाकले. उत्तर नाही.

एक गोष्ट आहे, जी मी कोणाला सांगितलेली नाही, दुर्गालाही नाही. मी अकरा वर्षांचा होतो, पंजाब आठचा. असाच पौष महिना, बगीचा ताणावर. विहिरीजवळच्या पाचव्या ओळीत एक झाड होतं, त्याची पानं अशी लोंबली होती की मला रडू आलं. सगळे जेवत असताना मी बालटीभर पाणी काढलं आणि त्याच्या बुंध्याशी ओतलं. तीन दिवस रोज एक बालटी. त्या झाडाला फूल आलं नाही, नुसती पालवी. वडिलांनी ओळखलं. बुंध्याशी पंजाबची गोटी सापडली होती, तो तिथेच खेळायचा. त्यांनी त्याला ओल्या काडीने झोडपलं. मी ओसरीवर पुस्तक उघडून बसलो होतो. पुस्तक उलटं आहे हे मला नंतर कळलं. पंजाब रडला, पण मी नाही केलं असं एकदाही म्हणाला नाही. पोर लहान, घाबरलं असेल, सुचलं नसेल.

पन्नास वर्षांनी मी पुन्हा बालटी ओतली. या वेळी एक्केचाळीस ठिकाणी.

९ जानेवारी, शुक्रवार

दिवसभर पानावर काय लिहायचं याचा खर्डा केला. पहिल्या खर्ड्यात 'काही परिस्थितीत अनपेक्षित वर्तन आढळले' असं होतं. दुर्गाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे कोनं केलं म्हनून लिवलं आहे?"

"कोणी म्हणजे? आढळलं."

"मंग वाचनाऱ्याले वाटन का भुतानं केलं."

दुसरा खर्डा असा गेला: 'मी रामराव. चूक माझी आहे. संत्र्याच्या बगीच्यात हा डबा असेल तर आत्ता जा आणि ठिबकचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा. मग मला फोन करा.' खाली नंबर. दोन ठिकाणांहून फोन आले, एक मोर्शीचा, एक परतवाड्याचा. दोघांची झाडं वाचली. परतवाड्याच्या बाईंनी माझा उद्धार केला आणि मग दुधी भोपळ्याला डबा लावावा का ते विचारलं.

'बांधावरचा' नाही.

नितेशला फोन केला. तीनदा कापला, चौथ्यांदा उचलला. मी म्हटलं, "हमीचं बोललो ते मागे घेतो. तुमचा बहार माझ्यामुळे गेला. आता अजून एकाचा जाणार आहे, तो कोण ते मला माहीत नाही. तुमच्या भागातला असेल असं बोलण्यावरून वाटतं. शोधायला याल का?"

मग म्हणाला, "उद्या चांदूरले या. स्टँडवर."

१० जानेवारी, शनिवार

सकाळच्या एसटीने चांदूर बाजारला गेलो. वाटेत आमच्या गावाचा फाटा लागतो. चार वर्षांत या बाजूला आलोच नव्हतो. मान दुसरीकडे वळवायची असं ठरवलं होतं, पण वळली नाही. रस्त्यावरून बगीचा दिसतो. झाडं पिवळी, पानं खाली. ताण छान बसलाय, हे मान्य करायला हवं, त्या कामात पंजाबला तोड नाही. विहिरीजवळ मोकळंमोकळं वाटलं, सावली गेल्यासारखी. खांबावर काहीतरी पांढरं टांगलं होतं. पाखरं हाकलायला लावलं असेल. आमच्याकडे वडीलही जुनं बनियन लावायचे.

स्टँडवर नितेश मोटारसायकल घेऊन उभा होता. मागे बस अशी खूण केली. दोन कृषी केंद्रं, ठिबकवाला, मोटार बांधणारा, सगळीकडे चिठ्ठ्या लावल्या. मग कळलं की एक मोबाइलवाला असे डबे बसवून देतो. त्याच्या दुकानाला कुलूप. तिरुपतीला गेला, फोन लागत नाही. शेजारचा पानठेलेवाला म्हणाला, "तीन डब्बे बसोले त्यानं. एक ह्याचा," म्हणून नितेशकडे बोट केलं. "एक काजळीचा गुरुजी, थो तं वांगे लावते. अन एक म्हतारा हाये. जाड भिंगाचा चष्मा. बोलाले खडूस, पन पानाचे पैसे रोख देते."

"गाव कोणतं?"

"इकडूनच कुठून तरी येते. मी पान लावतो काका, जनगणना नाही करत."

असे खडूस म्हातारे या तालुक्यात घरटी एक. संध्याकाळपर्यंत सात गावं फिरलो. आमचं गाव आलं तेव्हा नितेशने गाडी हळू केली, "इथं?"

मी म्हटलं, "इथे नको. इथल्या बगीच्यावाल्यांना मी ओळखतो. त्यांच्यातला कोणी हा डबा हातात धरणार नाही."

गाडी पुढे गेली.

परतताना नितेश पहिल्यांदा आपणहून बोलला. "तुमाले त्या मानसाची एवढी काहून पडली? माहा तं गेलाच ना बहार."

मी म्हटलं, तुम्ही डबा वापरला कारण चालतो म्हणून. तो वापरतो कारण मी सांगितलं म्हणून. तसं लिहिलंय त्याने. मग नितेश म्हणाला, त्यानेही तसाच वापरला होता.

११ जानेवारी, रविवार

दोन दिवस उरले. पानावर काही नाही. वर्तमानपत्रवाल्याला विचारलं, छोटी जाहिरात मंगळवारी येईल म्हणाला. मंगळवारी येऊन काय करू?

पौर्णिमाचा अकोल्याहून फोन आला. माझं अगदी गळ्याशी आलं होतं, तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मला सांगायचं होतं, काकांना काल दवाखान्यातून सुट्टी झाली, मीच जेवणाचा डबा—" मी म्हटलं, इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुला काका सुचतात? तिने फोन आईला द्या म्हटलं. दोघी अर्धा तास कुजबुजत होत्या. या घरात मी एकटाच संकटात आहे.

१२ जानेवारी, सोमवार

आज मी दुर्गावर ओरडलो.

सकाळी ती लुगड्याची घडी पिशवीत घालत होती. तिळाचे लाडू काल रात्रीच डब्यात भरलेले. मी विचारलं, कुठे? म्हणाली, "बहिनीकडं. उद्या भोगी, परवा संक्रांत. जाऊन येतो."

"आज? उद्या सकाळी सहाला एका माणसाचं वर्षभराचं पीक माझ्या हातून मरणार आहे, आणि तू वाण द्यायला चाललीस?"

तिने पिशवीची गाठ मारली. मग उंबऱ्यात थांबून विचारते, "थो डब्बा बंद कराचा असन तं लाल तार ओढाची का काळी?"

"कोणतीही ओढ!" मी म्हटलं. "काळी ओढ. पण तार ओढून भागत नाही. आधी ठिबकच्या तोंडाशी हाताचा व्हॉल्व्ह असतो, निळ्या मुठीचा, तो आडवा करायचा. तुला कशाला पंचायत?"

"आडवा म्हनजे पाइपाले आडवा?"

"हो!"

"बरं," म्हणाली, आणि गेली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने कधी फ्यूज बदलला नाही आणि आज व्हॉल्व्हची चौकशी करते. मला बोलण्यात गुंतवून निघायचं होतं, दुसरं काय.

घर फार मोठं वाटतंय. दुपारी पोळी गार खाल्ली.

१३ जानेवारी, मंगळवार. भोगी

गच्चीवरच्या लिंबाच्या कुंडीला मी चोवीस तारखेपासूनच एक डबा लावून ठेवला होता, तीच आवृत्ती, चाचणीसाठी. पाणी दिलेलं नव्हतं, त्यामुळे याचाही काटा त्याच दिवसापासून लाल रेषेखाली. वाटलं तर उतरवता आला असता, पण उतरवला नाही. पावणेसहाला शाल घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसलो. कशासाठी, सांगता येत नाही. तिकडे तो माणूस एकटा नको, असं काहीतरी.

सहाला टक् झालं. एवढा लहान आवाज. मग थेंब पडू लागले, एकेक, नीट अंतराने. काम चोख. माझ्या प्रोग्रामने सांगितलेली वेळ एका सेकंदानेही चुकली नाही.

मला रडू आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं.

आठ वाजता नितेशचा फोन. "काई लागलं का?" नाही म्हटलं. तो म्हणाला, "तुमी जेवले का काल?" मी म्हटलं, जेवलो. "माह्या झाडाईले आता मिरगाचा बहार धरतो," तो म्हणाला. "मे मंदी ताण देईन. तवा तुमी स्वतः येऊन डब्बा लावजा. तुमच्या हातानं. नाही तं मी लावत नाही."

मी हो म्हटलं. ही माफी नव्हती, पण माझ्यापाशी बोट धरायला तेवढंच आहे.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

दुर्गा दुपारी परत आली. पायाला काळी माती, पदराच्या टोकालाही. मी विचारलं, बहिणीकडे फरशी नाही का आता? म्हणाली, "वावरात गेलो होतो." अंघोळ करून लाडू दिला. गोड बोला म्हणाली.

मी म्हटलं, "काल त्या बिचाऱ्याचा बगीचा गेला."

"नसन गेला."

"तुला काय माहीत?"

"मले काय मालूम असते तुमच्या यंत्राचं," ती म्हणाली आणि तिकडे तोंड करून हसली. हसण्याची वेळ होती का ही? पण ओरडलो नाही. सोमवारचं ओरडणं अजून मला टोचतंय.

१९ जानेवारी, सोमवार

'ओलित'चं पान बंद करावं का, असा विचार आठवडाभर करतोय. ज्या प्रोग्राम लिहिणाऱ्याला स्वतःच्या बापाचं काम आठवत नाही, त्याने दुसऱ्याच्या झाडांना हात लावू नये. बंद करायचं बटण पानाच्या तळाला असतं, लाल. दोनदा तिथवर गेलो. दोन्ही वेळा भिंतीवरचं 'हे चालते' आडवं आलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

दुपारी साडेतीनला पानावर घंटी वाजली. 'बांधावरचा'.

आहे तसं उतरवून ठेवतो, फक्त मधले विराम मी घातलेत.

'आज डाक्टरनं फोन पाहाले परवानगी देल्ली. दोन्ही डोयाईचं आपरेशन झालं अकोल्याले, आता चांगलं दिसते. तुमचे सगळे निरोप वाचले, धा का अकरा हायेत. पानी आलं नाही. बारा तारखेले दोपारी वहिनी आली. चार वर्सानं आली. म्हने निया मुठीचा वाल्व कुठी हाये. आडवा केला अन काळी तार ओढली, तवा पिशवी खाली ठेवली अन मंग पानी मांगतलं. म्या इचारलं, दादानं पाठोलं का? म्हने, त्याले काही मालूम नाही, त्याले सांगू बी नको, त्याचं त्याले समजू दे. मी धा दिवस वाट पाह्यली. तुले काही समजनार नाही, म्हनून सांगून राहिलो.

'पाचव्या ओयीतलं थे झाड अजून हाये. बालटी कोनाची होती हे मले तवाच मालूम होतं, मी आंब्यामागं उभा होतो. तू रडून राहिला होता. बाबानं तुले मारलं असतं तं तू वावरातच आला नसता पुन्हा, म्हनून मी काही बोललो नाही. तसाई तू नाहीच आला. तेरवीले मी बोलाले नोतं पाह्यजे. जीभ माही तशीच हाये.

'उद्या शनिवारी ताण तोडतो. पयलं पानी डब्ब्यानं नाही सोडाचं, हातानं सोडाचं, बाबा सोडत तसं. ये. बालटी घेऊन येजो.'

पडद्यावरची अक्षरं दिसेनाशी झाली तेव्हा चष्मा पुसला, तरी दिसेनात.

स्वयंपाकघरात गेलो. दुर्गा कणीक मळत होती. विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"बाभूय पडली तवापासून," ती म्हणाली. "पौर्णिमानं आधीच सांगतलं होतं का काकाच्या विहिरीवरची बाभूय पडली म्हनून. तुमी कधी आयकलं कोनाचं?"

मी म्हटलं, चूक माझी आहे.

"हे पानावर लिवा," ती म्हणाली.

उत्तर म्हणून पानावर फक्त 'येतो' लिहिलं. आणखी लिहायला घेतलं होतं, ते पुसलं. पहिली एसटी सव्वासहाला आहे, म्हणजे माझ्या वेळापत्रकात तरी आहे. दुर्गाने मोरीतली बालटी घासून दाराशी ठेवली आहे.